अंडं रंगवत नाहीत, लिहितात (आणि आमच्या शोकेसमधला स्फोट)

बर्फाळ_बाई

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसतीच वाचत होते, आज लिहायला बसले कारण बाहेर उणे चोवीस आहे, पोरगी झोपलीय आणि माझ्या उजव्या हाताची तीन बोटं काळीकुट्ट आहेत. शाई नाही, अंड्याचा रंग आहे. तीन दिवस घासतेय, जात नाही. शनिवारी मंडळाच्या हळदीकुंकवाला तशीच गेले आणि वाण घेताना प्रत्येकीने विचारलं अगं हे काय, म्हणून म्हटलं एकदाच सगळं टाइप करून टाकावं.

आम्ही एडमंटनला, कॅनडात. दोन घरं सोडून एक आजी राहतात, चौऱ्याऐंशीच्या. त्यांचे आजी-आजोबा गॅलिशियातून, म्हणजे आताच्या पश्चिम युक्रेनमधून, शेतजमीन मिळतेय म्हणून इकडे आले. या अल्बर्टात अशी घरं पुष्कळ आहेत, १८९१ पासून लोक येतायत. तर युक्रेनियन घरात आजीला म्हणतात ‘बाबा’. आता आमच्या घरात काय होत असेल बघा. दारावर टकटक झाली की लेक ओरडते "बाबा आली!" आणि नवरा आतून म्हणतो मी कुठे गेलो होतो. तर या बाबांनी (मी अहोजाहो करते, लेक सरळ अगंतुगं) मला गेल्या वर्षी चर्चच्या तळघरात नेलं, ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत तिथे बायका जमतात. मला वाटलं पिरोही करायला नेतायत, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या. तर टेबलावर पांढऱ्या अंड्यांचे ट्रे, प्रत्येकीसमोर एक मेणबत्ती, आणि रंगाच्या बरण्यांची रांग.

याला म्हणतात पिसंका. अनेक असल्या की पिसंकी. युक्रेनियनमध्ये ‘पिसाती’ म्हणजे लिहिणे, त्यावरून. मी पहिल्याच दिवशी म्हटलं मी पण एक अंडं पेंट करू का, तर बाबांनी भुवया वर करून मला दुरुस्त केलं, पेंट नाही, आम्ही लिहितो. मला तेव्हा वाटलं म्हाताऱ्या माणसांचं असतं काहीतरी. नंतर करायला बसल्यावर कळलं की बरोबर तोच शब्द आहे.

सांगते कसं ते. बाटिक माहितीये ना, कापडावर मेण लावायचं, रंगात बुडवायचं, मेणाखालचा भाग कोरा राहतो. तेच, फक्त अंड्यावर. हातात असते किस्तका, पेन्सिलीएवढी लाकडी काडी आणि टोकाला पितळेच्या पत्र्याचं एवढंसं नरसाळं तारेने बांधलेलं. नरसाळं मेणबत्तीवर धरायचं, तापलं की मधमाशीच्या मेणाच्या वडीत खुपसून मेण भरून घ्यायचं, परत ज्योतीवर, आणि मग अंड्यावर रेघ. मेण मुळात पिवळट, पण काजळीने काळं होतं आणि ते बरंच असतं कारण पांढऱ्यावर पिवळी रेघ दिसलीच नसती. अंडं डाव्या हातात, आणि फिरवायचं ते अंडं, किस्तका नाही, ती जागच्या जागी. हे मला जमायला चार अंडी लागली. आपण आयुष्यभर कागद स्थिर ठेवून हात हलवलेला असतो.

आता डोकं उलटं चालवायचा भाग. अंडं पांढरं आहे, म्हणजे जे जे शेवटी पांढरं हवं ते आधी मेणाने झाकायचं. मग पिवळ्या रंगात. बाहेर काढून टिपलं की आता जे पिवळं राहायला हवं ते झाकायचं. मग नारिंगी, झाका. मग लाल, झाका. शेवटी काळा. फिक्याकडून गडदकडे, मागे फिरणं नाही. म्हणजे तुम्ही जी रेघ मारता ती दिसावी म्हणून मारत नाही, पुढच्या रंगापासून वाचवायला मारता. आणि जसजसं काम पुढे जातं तसतसं अंडं जास्त जास्त भयाण दिसायला लागतं. शेवटी काळ्या बरणीतून काढलेलं अंडं म्हणजे डांबराच्या पिंपात पडलेला बटाटा. तीन तास घालवलेले असतात आणि हातात तो बटाटा.

मग ते अंडं ज्योतीच्या बाजूला धरायचं. वर नाही, बाजूला, वर धरलं की काजळी धरते. दहा-बारा सेकंदांनी मेण चकाकायला लागतं, ओलं झाल्यासारखं, की टिश्यूने एकदाच पुसायचं. आणि तिथे, त्या एका पुसण्यात, खालून पांढरी पिवळी लाल नक्षी वर येते. मी पहिल्यांदा पुसलं तेव्हा मोठ्याने मराठीत काहीतरी बोलले, काय ते आठवत नाही, पण सगळ्या बाया हसल्या, म्हणजे भाषेची गरज नव्हती.

माझं पहिलं अंडं म्हणाल तर, एक रेघ विषुववृत्तावरून निघाली ती फिरून परत आली तेव्हा अर्धा इंच खाली होती. बाबांनी बघितलं आणि म्हणाल्या चांगलंय, तुझी पृथ्वी कललेली आहे.

शोकेसचा किस्सा प्रतिसादात लिहिते, कुकरची शिट्टी झाली.

सदाशिव_पेठ_उत्तर

मस्त लेख ताई. पण शीर्षकात स्फोट म्हणून कुकर लावून गेलात, हे बरं नव्हे.

कोकणी_खेकडा

डांबरातला बटाटा 😂😂 मला एक समजलं नाही, अंडं उकडलेलं असतं का? कच्चं असेल तर एवढा वेळ हातात धरून फिरवायचं म्हणजे माझ्या हातून तर आम्लेटच होईल.

बर्फाळ_बाई

@खेकडा, कच्चं. अख्खं, पूर्ण भरलेलं, कच्चं. उकडलेलं रंगवतात ते वेगळं, त्याला क्राशंका म्हणतात, एकच रंग, कांद्याच्या सालीत उकळून लालसर केलेलं बहुतेक, आणि ते खायचं असतं. पिसंका खायची नसते, ती ठेवायची, द्यायची. आणखी पण प्रकार आहेत. नुसते मेणाचे थेंब टाकून करतात ती क्रापंका. गडद रंगवून सुईने खरवडून नक्षी काढतात ती द्र्यापंका.

कच्चं अंडं आपोआप वाळतं. कवचाला बारीक छिद्रं असतात, त्यातून पाणी उडून जातं, पांढरा भाग सुकतो आणि बलकाचा खडा होतो. बाबांच्या आईचं एक अंडं आहे, कानाशी धरून हलवलं की खुळखुळ्यासारखं वाजतं.

आणि आता स्फोट. मी पहिल्या उन्हाळ्यात चांगलं जमलेलं एक अंडं पुण्याला नेलं सासूबाईंसाठी. आमच्या सासरी अंडं चालत नाही, म्हणजे अजिबातच नाही, केकसुद्धा बिनअंड्याचा. मी खोटं बोलले. म्हटलं आई हे लाकडी आहे, इकडची कला आहे. त्यांना फार आवडलं, शोकेसमध्ये ठेवलं, चांदीचा गणपती आणि नातीचा फोटो यांच्या मधोमध. माझी खरी चूक पुढे आहे. त्याला चमक यावी म्हणून मी दोन हात वार्निश मारलं होतं, जाड, बाबांना न विचारता. सगळी छिद्रं बंद. आत वाळायला वावच नाही, नुसतं सडणं आणि गॅस. मी परत आले एप्रिलमध्ये, मे महिन्यात पुण्यात चाळीस डिग्री, शोकेस काचेची, दुपारचं ऊन थेट.

व्हिडिओ कॉल आला. सासूबाईंच्या नाकाला पदर. म्हणाल्या, "सूनबाई, लाकूड कधीपासून नासायला लागलं?"

सदाशिव_पेठ_उत्तर

बाई बाई बाई. गणपतीला आंघोळ घातली का मग?

बर्फाळ_बाई

पंचामृताने. विचारू नका. वर्षभर मला वाणसामानाच्या यादीत ‘लाकडी अंडी, १ डझन’ लिहून पाठवत होत्या व्हॉट्सॲपवर. (हसत हसत, बऱ्या आहेत तशा.)

डॉ_उलटसुलट

ताई तुमचा धागा वाचून रात्री दीड वाजता कपाटावरून डबा खाली काढलाय, आई विचारतेय काय शोधतोस.

मी इवानो-फ्रांकिव्हस्कला मेडिकलला होतो, २०१७ ते २०२२. आमचं शहर म्हणजे पिसंकीच्या मुलखाचं तोंड, तिथून पुढे कार्पेथियन डोंगर सुरू होतात आणि त्यात हुत्सुल लोक राहतात, त्यांची अंडी सगळ्यात बारीक कामाची. कोस्माच नावाचं गाव आहे, तिथल्या पिसंकी लांबून ओळखू येतात, नारिंगी-पिवळा-लाल असा जाळ असतो आणि रेघा इतक्या बारीक की भिंग लागावं.

किस्तका शब्दावर आमच्या हॉस्टेलच्या गेटवर बसणारी आजी खूप हसली होती. मी नेटवर वाचून जाऊन तिला विचारलं किस्तका आहे का, तर तिने माझं मनगट पकडून दाखवलं, ही बघ किस्तका. तो शब्द म्हणजे हाड! ती स्वतः पिसाचोक म्हणायची. तुमच्या कॅनडावाल्यांनी तो शब्द शंभर वर्षांपूर्वी सोबत नेला असणार आणि तो तिकडेच चालू राहिला.

कोलोमियाचं म्युझियम बघितलंय मी. मार्शुत्काने गेलो, म्हणजे आपली वडाप समजा, फक्त वर सामान नाही. गावाच्या मध्यात एक बिल्डिंगच अंड्याच्या आकाराची आहे, जवळजवळ १४ मीटर उंच, सन २००० ची. बाहेरून रंगीत काचेसारखं, आत गोल जिना आणि शेल्फांवर अंडीच अंडी, दहा हजारांच्या वर आहेत म्हणतात, दुसऱ्या देशांतली पण. आम्ही पाच मराठी पोरं, एकाला तिथे भूक लागली, हा भाग गाळतो.

ईस्टरला सकाळी आजी टोपली घेऊन चर्चमधून यायची, टोपलीत पास्का नावाचा गोड पाव, सॉसेज, मीठ, आणि क्राशंका. मग प्रत्येकाने एक क्राशंका घ्यायची आणि समोरच्याच्या अंड्यावर टोक आपटायचं, ज्याचं फुटलं तो हरला. आपटायच्या आधी ती म्हणणार ‘ख्रिस्तोस वोस्क्रेस’ आणि आपण म्हणायचं ‘वोयिस्तिनु वोस्क्रेस’. आमचा सोलापूरचा एक जण दर वर्षी जिंकायचा, त्याने टेक्निक काढलं होतं की आपटायचं नाही, आपटून घ्यायचं.

२०१९ ला तिने मला एक पिसंका दिली. हरणं होती त्यावर, आणि मधून गोल फिरणारी नागमोडी रेघ. २४ फेब्रुवारी २०२२ ला सकाळी विमानतळाकडून आवाज आले, काचा हलल्या. दोन दिवसांत बस करून रोमानियाच्या बॉर्डरकडे निघालो, शेवटचे काही किलोमीटर चालत. कपडे टाकून दिले, पुस्तकं टाकली, तरी ते अंडं दोन मोज्यांत गुंडाळून स्टीलच्या डब्यात, डबा जॅकेटच्या आत. का नेलं माहीत नाही. बॉर्डरवर थंडीत उभं असताना पोरं विचारायची डब्यात काय आहे, खायला आहे का.

आता साताऱ्यात आहे ते. आत्ता हलवून बघितलं. वाजतंय. वार्निश नाही त्यावर.

कोकणी_खेकडा

डॉक्टर 🙏

डहाणूकरीण

धागा छान चाललाय. मी डहाणू भागात शाळेत शिकवते. तुमच्या त्या बाबा ‘पेंट नाही, लिहितो’ म्हणाल्या तिथे मी थांबले. आमच्याकडे वारली घरात लग्नाला भिंतीवर जो चौक असतो तो काढत नाहीत, लिहितात. ‘चौक लिहिणे’ असंच म्हणतात. तांदळाच्या पिठाने, सवाशिणी बायका लिहितात, मधे पालघट देवी, आणि चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. मी नवीन होते तेव्हा एका मुलीला म्हटलं तुझ्या आईने काढलेलं चित्र सुंदर आहे, तर ती म्हणाली, बाई, ते चित्र नाही, चौक आहे. बाहेरची मंडळी मात्र तेच कागदावर आलं की वारली पेंटिंग म्हणतात आणि फ्रेम करतात.

शब्दवेडा

आता माझी एंट्री होणारच होती.

‘पिसाती’ मधला जो धातू आहे तो आपल्या घरातला आहे. संस्कृतात ‘पिंश्’, म्हणजे कोरणे, घडवणे, सजवणे. त्यावरून ‘पेशस्’, वेदांत येतो, आकार, सजावट, नक्षीदार वस्त्र या अर्थाने. यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेत ‘पेशस्कारी’ म्हणून एक कारागीर बाई आहे, तिचा अर्थ बहुतेक जण भरतकाम करणारी असा लावतात. मराठीत आपण नाजूक या अर्थाने ‘पेशल’ म्हणतो तो याच कुळातला. स्लाव लोकांनी त्याच धातूवरून ‘लिहिणे’ केलं. म्हणजे नक्षी काढणे आणि लिहिणे हे मुळात एकच काम होतं, वाटण्या नंतर झाल्या. डहाणूकरीण ताईंची ती विद्यार्थिनी व्युत्पत्ती न वाचता बरोबर आहे.

दुसरं. युक्रेनियनमध्ये लाल म्हणजे ‘चेर्वोनी’. हा शब्द किड्यावरून आलाय, कारण लाल रंग एका बारीक किड्यापासून काढायचे, एका रोपट्याच्या मुळाशी सापडणाऱ्या. तो किडा गोळा करायचा महिना जून, म्हणून जूनचं नावच ‘चेर्वेन’. आणि त्या स्लाव किड्याचा आपला चुलतभाऊ म्हणजे ‘कृमि’. आपण ‘किरमिजी’ म्हणतो तो रंग पण कृमीवरूनच, फारसीतून फिरून परत आलेला. तर ताई, तुमच्या लाल बरणीत आणि पैठणीच्या किरमिजी पदरात एकच अळी आहे.

सदाशिव_पेठ_उत्तर

शब्दवेडा, सासूबाईंना हे सांगू नका, अंड्याचं जेमतेम पचलंय.

वसईचा_पाव

आमच्या वसईत ईस्टरला अंडी असतात पण मार्झिपॅनची किंवा चॉकलेटची, बेकरीतून, वर साखरेची फुलं. दोन मिनिटांत संपतात. तीन तास लिहून खायचं नाही हे आमच्या घरात कोणी ऐकून घेणार नाही. अशा नक्षीला अर्थ असतो का काही, की हाताला येईल ते?

बर्फाळ_बाई

असतो, आणि खूप असतो, पण प्रत्येक गावाचा थोडा वेगळा. डॉक्टरांच्या अंड्यावरची नागमोडी रेघ म्हणजे ‘बेझकोनेचनिक’, अंत नसलेली, अंड्याला गोल फिरते आणि तिचं टोक कुठे सापडत नाही. वाईट काही आलं तर त्यात चक्कर मारत अडकतं म्हणतात. आठ पाकळ्यांचा तारा असतो सूर्यासाठी. दंताळं असतं, दाते खाली, म्हणजे पाऊस पडू दे. गव्हाच्या ओंब्या, मासा, मेंढ्याची शिंगं, शिडी. आणि एक असतं चाळीस त्रिकोणांचं, ‘सोरोकोक्लिन’, अख्खं अंडं त्रिकोणांत कापायचं, चाळीस दिवसांच्या उपासासाठी चाळीस असं सांगतात. मी केलं ते. मोजले तर एकोणचाळीस आणि एक चौकोन.

बाबांच्या आजीच्या वेळी हे रात्री करायचे, पोरं झोपल्यावर, घरातल्या बायकाच, आणि पुरुषांनी डोकवायचं नाही. अंडी पहिल्यांदा घालायला लागलेल्या कोंबडीची. रंग झाडपाल्याचे. कांद्याची सालं, अक्रोडाचं हिरवं टरफल, सफरचंदाच्या झाडाची साल, सूर्यफुलाच्या बियांची फोलपटं, रंग धरायला तुरटी. प्रत्येक घराची कृती वेगळी आणि शेजारणीला सांगायची नाही, इथे मला गोडा मसाला आठवला.

हुत्सुल लोकांत एक गोष्ट आहे. डोंगरात एक राक्षसी सर्प कड्याला साखळदंडाने बांधलाय. तो दर वर्षी आपले दूत गावोगाव पाठवतो, यंदा किती पिसंकी लिहिल्या ते मोजायला. कमी निघाल्या की साखळ्या सैल पडतात, जास्त निघाल्या की आवळतात. बाबा दर वर्षी साठ करतात, जानेवारीपासूनच सुरू. हात थरथरतो आता. मी म्हटलं या वर्षी कमी करा तर म्हणाल्या मोजणारे येतात गं.

चिकित्सक_चिमणी

विरस करायचा हेतू नाही पण नेटवर याला सरसकट पाच हजार सात हजार वर्षं जुनी कला म्हणतात ते जरा सांभाळून घ्या. अंड्याचं नाजूक कवच जमिनीत सहसा टिकत नाही. युक्रेनमधल्या ट्रिपिल्या या प्रागैतिहासिक संस्कृतीच्या मडक्यांवर असेच सर्प-आवर्त आहेत म्हणून पिसंका तेवढी जुनी असं म्हणणं म्हणजे आमच्या आजीच्या रांगोळीत स्वस्तिक आहे म्हणून ती हडप्पाची. खरंखुरं हातात आहे ते इतकं की कीव्हच्या जुन्या राज्याच्या काळातली, अकराव्या-बाराव्या शतकातली, झिलई दिलेली मातीची अंडी सापडलीत, आत खडा घालून केलेली, हलवली की वाजणारी. आणि ल्विव्हमध्ये २०१३ च्या खोदकामात एक खऱ्या कवचाचं मिळालं, पंधराव्या-सोळाव्या शतकातलं. पाचशे वर्षं पण कमी नाहीत की. उगाच फुगवायचं कशाला.

डॉ_उलटसुलट

चिमणी, मातीच्या अंड्यात खडा घालून वाजवायचे? म्हणजे कुणाच्या तरी घरी जुनं वाळलेलं अंडं वाजत होतंच ना आधी, त्याशिवाय खडा घालायचं सुचेल कसं 🙂

चिकित्सक_चिमणी

हा अंदाज झाला, पुरावा नाही. पण अंदाज आवडला.

डॉ_उलटसुलट

अजून एक राहिलं. आजी सांगायची की सोव्हिएत काळात हे उघड करायची सोय नव्हती. देवाधर्माचं म्हणून बंद. म्युझियममधले संग्रह फोडले, कुठे कुठे गेले. गावात करायचे पण गपचूप. त्यामुळे बरंच काही तुमच्या कॅनडात, अमेरिकेत गेलेल्या लोकांकडे शिल्लक राहिलं. डिसेंबर २०२४ मध्ये ही कला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली, युक्रेन आणि एस्टोनिया दोघांच्या नावावर, तिकडे पण युक्रेनियन लोक आहेत. मी आजीला मेसेज केला होता. तिने उलट विचारलं जेवलास का.

बर्फाळ_बाई

हो डॉक्टर, इकडे पण गरिबीच होती. बाबांच्या आईला रंग विकत घेणं परवडायचं नाही तर क्रेप पेपर भिजवून त्याचं पाणी वापरायची.

आणि इकडच्या लोकांनी काय केलंय बघायचं तर आमच्यापासून तासाभरावर व्हेग्रव्हिल म्हणून गाव आहे, हायवेला लागूनच, तिथे अख्खी पिसंका उभी केलीय, १९७५ ची, ॲल्युमिनियमची. जमिनीपासून ३१ फूट. अंड्याला सपाट बाजू कुठेच नसते ना, मग पत्रे कसे बसवायचे, तर एका अमेरिकन कॉम्प्युटरवाल्या प्राध्यापकाने, रोनाल्ड रेश नाव त्यांचं, त्याचं गणित सोडवलं. २२०८ त्रिकोण आणि ५२४ तारे जोडून केलंय. आणि ते वाऱ्यावर फिरतं! एवढं अवाढव्य धूड वाऱ्याची दिशा दाखवतं. आम्ही गेलो तेव्हा लेक म्हणाली हे पण वाजतं का आतून.

मेणबत्ती_नाशिक

मला करून बघायचंय!! नाशिकमध्ये ती किस्तका कुठे मिळणार? आणि अंडी कुठली घ्यायची, गावरान का पोल्ट्रीची? सगळं सांगा प्लीज, मुलाची परीक्षा संपली की बसणार आहे.

बर्फाळ_बाई

पोल्ट्रीची पांढरी घ्या. गावरान तपकिरी असतं, त्यावर पिवळा दिसणारच नाही. खरबरीत नको, तडा नको, टॉर्चवर धरून बघा.

किस्तका नकोच सध्या. पेन्सिलीच्या मागच्या खोडरबरात गोल डोक्याची टाचणी खुपसा. डोकं वितळलेल्या मेणात बुडवून अंड्यावर टेकवा आणि ओढा, थेंबाला शेपूट येतं, चिंचोक्यापासून तांदळाच्या दाण्यापर्यंत हवं तेवढं. कार्पेथियन डोंगरातल्या लेम्को लोकांची नक्षी अशीच असते, नुसत्या शेपटीवाल्या थेंबांची. म्हणजे हे गरिबाचं शॉर्टकट नाही, रीतसर पद्धत आहे.

मेण मधमाशीचंच, खादी भांडारात बघा. साध्या मेणबत्तीचं पॅराफिन ठिसूळ, त्याचे कपचे उडतात आणि खाली रंग शिरतो. मधमाशीचं ६२ ते ६४ डिग्रीला वितळतं, पणतीवर वाटी ठेवली तरी चालेल, पण धूर यायला लागला की खाली उतरवा आणि मुलाजवळून हलायचं नाही.

रंग खाण्याचे घ्या, कपभर कोमट पाण्यात चमचाभर व्हिनेगर. व्हिनेगर कवचाला किंचित खातं म्हणून रंग बसतो, पण जास्त झालं तर अंड्याचा वरचा थरच सुटतो. खाण्याचे रंग फिके येतात, काळा विसरा, पिवळा आणि लाल बास. हात साबणाने धुवून कोरडे करा, तेलकट बोट लागलं तर तिथे रंग धरत नाही, म्हणजे भजी तळून बसू नका. पेन्सिलीने आखलं तर चालेल पण खोडायचं नाही, खोडरबराचा डाग रंगात उठतो. बुडवलेलं अंडं पुसायचं नाही, टिपायचं.

आणि झाल्यावर दोन्ही टोकांना भोक पाडून फुंकून रिकामं करा. माझं ऐका.

कोकणी_खेकडा

हिरवा कुठे गेला? फिक्याकडून गडदकडे जायचं तर पिवळ्यानंतर हिरवा आणि मग लाल कसा येणार, चिखल होईल.

बर्फाळ_बाई

हुशार आहात! हिरव्यात बुडवतच नाहीत. पिवळ्यानंतर बारीक ब्रशने जिथे पानं हवीत तेवढ्यावरच हिरवा टेकवायचा, लगेच मेणाने झाकायचा, आणि मग नारिंगीत टाकायचं. इकडेतिकडे सांडलेला हिरवा नारिंगी खाऊन टाकतो. मी हे बाबांना विचारलं तेव्हा त्यांनी उत्तर दिलं नव्हतं, करून दाखवलं होतं.

मेणबत्ती_नाशिक

बारा दिवसांनी रिपोर्ट देतेय.

एकूण सहा अंडी. एक मुलाने हातात घेतल्या घेतल्या गेलं. दुसऱ्यात मी पांढरे थेंब विसरूनच डायरेक्ट पिवळ्यात टाकलं, म्हणजे पांढरं काही उरलंच नाही. तिसऱ्यावर मेण घट्ट होत होतं तरी मी ओढत राहिले, शेपट्या नाही आल्या, पुटकुळ्या आल्या. चौथं नवऱ्याने फ्रीजमधलं समजून घेतलं आणि पिवळं कसं काय म्हणून मला हाक मारली.

पाचवं आणि सहावं झालं!! पाचव्यावर मी सूर्य केलाय, सोळा शेपट्यांचा, एका बाजूला लाल जरा ओघळलाय पण असू दे. सहावं मुलाचं. त्याने काय लिहिलंय ते तो सांगत नाही, गोल गोल ठिपके आहेत आणि एक लांब काहीतरी, मला वाटतं त्या साखळीवाल्या सर्पाची गोष्ट मी सांगितली होती ते डोक्यात बसलंय. पुसताना त्याला पुसू दिलं. तो ओरडला नाही काही नाही, एकदम गप्प झाला, आणि मग म्हणाला परत मेण लावता येईल का, मला परत पुसायचंय.

फुंकायला मात्र फेस आला तोंडाला, गाल दुखतायत दोन दिवस. दोन अंड्यांची भुर्जी झाली.

सदाशिव_पेठ_उत्तर

फोटो टाका की. आणि शोकेसमध्ये गणपतीपासून लांब ठेवा, रिकामं असलं तरी.

बर्फाळ_बाई

वा वा वा! काल बाबांना वाचून दाखवलं, इंग्रजीत जमेल तसं. त्यांनी विचारलं नाशिकच्या बाईंची किती झाली. म्हटलं दोन. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांच्या आकड्यापुढे अधिक दोन लिहून ठेवलंय.

मेणबत्ती_नाशिक

सातवं लावलंय आत्ता, तीन धरा म्हणावं.